शून्याला चार मिलिअँप

नजरेनं लिहिण्याचं यंत्र आता पूर्वीइतकं दुर्मीळ राहिलेलं नाही. टॅब्लेटच्या खाली एक लांबट पट्टी असते. तिच्यातले इन्फ्रारेड दिवे डोळ्यांवर न दिसणारा उजेड टाकतात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात त्या दिव्यांचे बारीक ठिपके चमकतात. कॅमेरा ते ठिपके आणि बाहुलीचा मध्य दोन्ही टिपतो आणि त्यांच्यातलं अंतर कसं बदलतंय यावरून नजर कुठे आहे ते काढतो. एखाद्या अक्षरावर नजर जराशी रोखली की ते अक्षर उमटतं. मोटर न्यूरॉनच्या आजारात हातपाय आणि जीभ थांबतात, डोळे मात्र बरेचदा शेवटपर्यंत साथ देतात. अशा माणसाचं सगळं बोलणं या पट्टीतून होतं.

पट्टीला वीज लागते. दिवे गरजेप्रमाणे मंद-प्रखर करून ती वाचवता येते. ती वाचवावी का आणि कुठवर वाचवावी, यावर मात्र दोन मतं पडतात. ती मतं एका घरात समोरासमोर बसवावीत असं मला वाटलं. मामा आणि भाची कल्पनेतले आहेत. घर बदलापूरला, कुळगावात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला. मामा अंबरनाथच्या एमआयडीसीतून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला. भाची ऐरोलीला एका कंपनीत यंत्रांच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिते आणि रविवारी मामाकडे येते. पट्टीसमोर मामी. मामी शाळेत मराठी शिकवायची. ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं तिला अजून खपत नाही. नजरेनं खोडून दुरुस्त करायला कितीही वेळ लागो, ती केल्याशिवाय पुढे जात नाही.

भाची : मामा, हे दिवे सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच ताकदीवर जळतायत. मामीचा डोळा लागला तरी जळतायत. कशाला?

मामा : तुझ्या मामीचा आवाज आहे तो. झोपताना आवाज कोणी काढून ठेवतं का?

भाची : काढून ठेव कुठे म्हणतेय? हळू कर म्हणतेय.

मामा : हळू केला आणि नेमकं तेव्हाच तिला काही सांगायचं असलं तर? बॅटरीचं म्हणशील तर त्याची सोय केलीय मी. इन्व्हर्टर आहे, वर दोन पॉवर बँका. बदलापुरात राहून बॅटरीची सोय न केलेला माणूस दाखव मला. वारा सुटला की लाईट गेली, पाऊस आला की गेली. २०१९ च्या जुलैत उल्हास नदी चढली तेव्हाचं विसरलीस? बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी, हजारावर माणसं बाहेर काढावी लागली. तेव्हापासून मी बॅटरीच्या बाबतीत कुणावर विसंबत नाही.

भाची : इन्व्हर्टर घरात. मामीला परळला हॉस्पिटलात नेतोस तेव्हा? काटई रोड, शिळफाटा, तिथला ट्रॅफिक. वर हॉस्पिटलात रांग, परतीचा प्रवास वेगळा. डॉक्टरांसमोर पोचेपर्यंत पट्टीनं मान टाकलेली असते. जिथे बोलायचं तिथेच ती गप्प.

मामा कागद ओढतो. जुन्या मेकॅनिकला तोंडी हिशेब चालत नाही.

मामा : १०,००० मिलिअँपअवरची पॉवर बँक. आतला सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे ३७ वॅटअवर झाले. पाच व्होल्टला चढवताना जातं ते सोडून दे, हातात ३० आले समज. म्हणून तर रेटेड कपॅसिटी मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहितात. टॅब्लेट ५ वॅट, पट्टी २ वॅट, एकूण ७. सव्वाचार तास. आता पट्टीच्या दोनांतला दिव्यांचा वाटा किती?

भाची : एक धर.

मामा : तो तू पाव केलास. सातचे सव्वासहा झाले. ३० भागिले सव्वासहा, चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणजे अर्धा तास कमावलास. आणि पडद्याचा उजेड थोडा उतरवून टॅब्लेट ५ वरून ४ वॅटवर आणला, तर पट्टीला हात न लावता पाच तास! तुझी एक ओळसुद्धा न लिहिता.

आकडे धरून चाललेले आहेत, यंत्रागणिक ते बदलतील. पण मामाचा मुद्दा चोख आहे आणि बॅटरी वाचवण्याच्या उत्साहात तो हटकून विसरला जातो. मोठा पडदा आणि प्रोसेसर जिथे पोटभर खातात, तिथे दिव्यांच्या ताटातला घास काढून फार काही हाती लागत नाही.

भाची : पट्टीपुरतं मान्य. आता चष्मा घे. मामीची मान हल्ली एका बाजूला कलते, पट्टीच्या समोर डोळे राहत नाहीत. आज ना उद्या चष्म्यातलं यंत्र लागणार. काडीत मावेल ती बॅटरी किती, १५० मिलिअँपअवर? ३.७ नं गुण. अर्ध्या वॅटअवरच्या जरा वर. कॅमेरा आणि चिप ०.१५ वॅट, दिवे ०.१०. सव्वादोन तासांत खेळ खलास. तेच दिवे ०.०२ वर आणले तर सव्वातीन तास. तिथे तुला खाली करायला पडदाच नाही.

मामा : बरं. इतकं खाली आणणार कसं? मंद करून?

भाची : मंद नंतर. आधी वेळ कापायचा. कॅमेरा सेकंदाला ६० चित्रं घेतो. एका चित्राच्या वाट्याला साधारण १७ मिलिसेकंद येतात. शटर त्यातली दोनच मिलिसेकंद उघडं असतं. उरलेल्या पंधरांत दिवे मामीचं तोंड उजळत बसतात आणि ते बघायला कोणी नसतं. शटर उघडं असेल तेवढाच वेळ दिवा लावायचा. खर्च आठव्या हिश्श्यावर येतो आणि ठिपका होता तेवढाच ठळक राहतो.

मामा : कुठल्याही कॅमेऱ्याला जमतं हे?

भाची : नाही. स्वस्तातले कॅमेरे ओळीओळीनं वाचतात, त्यांना उजेड पूर्ण वेळ लागतो. सगळं चित्र एका क्षणात धरणारा, ग्लोबल शटरचा कॅमेरा पाहिजे.

मामा : हे पटलं. वाया जात होतं तेवढं बंद केलंस, तिच्या वाट्याचं काही काढलं नाहीस.

माझ्या मते बॅटरीची निम्म्याहून जास्त लढाई इथेच जिंकली जाते, आणि तीही कुठलाही धोका न पत्करता. पण भाची इथे थांबणारी नाही. तिला दिवे परिस्थिती ओळखणारे हवेत, आणि खरा वाद त्या ओळखण्यावरच आहे.

भाची : आता पुढचं. मामी पट्टीपासून ५० सेंटीमीटरवर असली तर जेवढा उजेड पुरतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट ७० सेंटीमीटरवर लागतो. अंतराचा वर्ग. ती जवळ असली की दिवे आपोआप उतरावेत, खुर्ची मागे गेली की चढावेत.

मामा : किंवा मी स्टँड वीतभर पुढे सरकवावा.

भाची : सरकव ना! त्याचा फायदा घ्यायला तरी दिव्याला अंतर कळायला हवंच. नाहीतर तू स्टँड पुढे आणशील आणि दिवा होता तेवढाच जळत राहील.

मामा : आणि ऊन? चार वाजल्यापासून या खिडकीतून ऊन आत येतं. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, तुझे ठिपके त्यात बुडून जातात. तुझा हुशार दिवा काय करणार? चढत चढत पूर्ण ताकदीवर जाणार, बॅटरी पिणार आणि तरी हरणार. मी खिडकीचा पडदा ओढतो. सुती पडदा आहे, त्याला चार्जिंग लागत नाही.

इथे भाची हसते. खिडकीला पडदा लागतो, घरातल्या समईला नाही. समईची ही गोष्ट तिनं स्वतःच मागच्या खेपेला शोधून काढलेली असते. मामीचा कर्सर दिवेलागणीला उड्या मारायचा. मामाला वाटलं पट्टी बिघडली. भाचीनं कॅमेऱ्याला दिसणारं चित्र लॅपटॉपवर उघडलं. मामीच्या बुबुळात पट्टीच्या ठिपक्यांशिवाय आणखी एक लांबुळका ठिपका होता, किंचित हलणारा. मागे वळून पाहिलं तर देव्हाऱ्यात समई. घरातल्या एलईडी ट्यूबमधून इन्फ्रारेड जवळजवळ बाहेर पडतच नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या लेखी ती खोली अंधारीच असते. ज्योतीचं तसं नाही. जुन्या पिवळ्या बल्बसारखीच ती दिसणाऱ्या उजेडापेक्षा न दिसणारा उजेड कितीतरी जास्त टाकते. आपल्याला मिणमिणती वाटणारी समई कॅमेऱ्याला त्या खोलीतली सगळ्यात झगझगीत वस्तू वाटत होती.

मामा : आणि दिवे चढवणारा-उतरवणारा तुझा प्रोग्रॅम तेव्हा प्रयोग म्हणून लावला होतास, तो काय करत होता ते सांग की.

भाची : समई लागली की, उजेड पुरेसा आहे, असं समजून आपले दिवे उतरवत होता.

मामा : झालं! आपला दिवा उतरवला आणि समईच्या ठिपक्यावर नजर मोजत बसला. 'पाणी' म्हणायचं तर 'पाय' उमटत होतं. आणि मी अर्धा तास तिचे पाय चेपले.

मामीच्या पडद्यावर अक्षरं हलू लागतात. दोघं थांबतात. या घराचा तो अलिखित नियम आहे: मामी लिहू लागली की बाकीच्यांनी गप्प बसायचं.

मामी : पाय चेपले ते बरंच झालं.

भाची : उपाय आहे त्याला. मधूनच एक चित्र दिवे बंद ठेवून घ्यायचं. त्यात जे चमकेल ते आपलं नाही. ते वजा करायचं. समई गेली, खिडकी गेली, राहिले ते आपले ठिपके.

मामा : म्हणजे उजेड वाचवायला एक चित्र जास्त, एक वजाबाकी जास्त. चिप ती फुकट करते काय?

भाची : फुकट नाही करत. पण समईच्या ठिपक्यावर नजर मोजत बसण्यापेक्षा परवडतं.

मामा : आयफोनला तर म्हणे नजर ओळखायला दिवेच लागत नाहीत. नुसत्या पुढच्या कॅमेऱ्यावर चालतं.

भाची : २०२४ पासून दिलंय त्यांनी ते, आणि चांगलंच केलंय. मोठं बटण निवडायला ठीक आहे. मराठीचा अख्खा कीबोर्ड पडद्यावर मांडून त्यातलं एक अक्षर टिपायला बारकाई जास्त लागते. आणि रात्री खोलीत अंधार झाला की साधा कॅमेरा आंधळा. बुबुळावरून परतणारा उजेड टिपायची युक्ती आजची नाही, मामा. १९०१ मध्ये अमेरिकेत डॉज आणि क्लाइन यांनी त्या उजेडाची रेघ फोटोच्या काचेवर धरली होती. त्याआधी डोळ्यावर वाटीसारखं काहीतरी बसवून त्याला काडी जोडायचे. उजेड आला आणि डोळा मोकळा झाला.

मामा : ते शास्त्रज्ञ हॉकिंगसुद्धा असंच डोळ्यांनी...

भाची : गालानं. चष्म्याला लावलेला इन्फ्रारेड सेन्सर गालाचा स्नायू हलला की ओळखायचा. डोळ्यांचं उदाहरण हवं तर लॉस एंजेलिसचा भिंती रंगवणारा चित्रकार घे. मामीसारखाच आजार. २००९ मध्ये त्याच्या मित्रांनी चष्म्याची स्वस्त फ्रेम आणि गेमचा कॅमेरा जोडून त्याला नजरेनं चित्र काढायचं यंत्र करून दिलं. कसं करायचं तेही सगळ्यांसाठी खुलं ठेवलं.

मामा : हां, मित्रांनी घरी बनवलं ना? मग मी दोन दिवे घरी वाढवले तर तुझ्या पोटात का दुखतं?

हे दोन दिवे भाचीला आजवर माहीत नव्हते. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले, ८५० नॅनोमीटरचे, पट्टीच्या दोन्ही टोकांना मामानं स्वतः झाळून बसवलेले. अंधारात बघितलं तर त्यांच्या पोटात अगदी मंद लाल ठिणगी दिसते. ९४० नॅनोमीटरचे असते तर तीही दिसली नसती. पण त्या तरंगलांबीला कॅमेऱ्याचा सेन्सरही कमी बघतो, म्हणून मामानं जास्त उजळणारे निवडले. टीव्हीच्या रिमोटसारखेच ते त्यानं मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तपासले होते. काम सफाईदार आहे, यात वाद नाही.

भाची : मामा, दिसणारा उजेड डोळ्यांवर आला की बाहुली आकसते, पापणी मिटते, आपण मान वळवतो. इन्फ्रारेड डोळ्याला कळतच नाही. बाहुली आहे तशी उघडी राहते. मान वळवायची म्हटलं तर मामी ती वळवू शकत नाही. रोज किती तास ती या दिव्यांसमोर असते? कंपनीच्या पट्टीतल्या दिव्यांना आयईसी ६२४७१ म्हणून मानक आहे, डोळ्यापर्यंत किती उजेड पोचला तर चालतो याची मर्यादा त्यात ठरलेली आहे. तुझ्या दोघांना कोणी मोजलंय?

मामा : पण ठिपका हलत नाही तेव्हापासून.

या एका जागी मी सरळ भाचीच्या बाजूनं आहे. जास्त उजेड म्हणजे जास्त खात्री, हे मामाचं सूत्र प्लांटमधल्या गेजला लागू पडेल, दिवसभर उघड्या राहणाऱ्या डोळ्याला नाही. उजेड जपून वापरण्याचं बॅटरीहून मोठं कारण डोळा हेच आहे, आणि भाचीनं सुरुवात तिथून करायला हवी होती. अर्धा तास वाचतो म्हटल्यावर मामा कागद काढतो. मामीचा डोळा म्हटल्यावर काढला नसता.

मामा थोडा वेळ गप्प बसतो. मग त्याला त्याची जागा सापडते.

मामा : एक सांग. आमच्याकडे टाकीची पातळी, प्रेशर, तापमान, सगळं कंट्रोल रूमला ४ ते २० मिलिअँपनं जायचं. टाकी भरली की वीस. टाकी पूर्ण रिकामी असली की किती?

भाची : चार.

मामा : शून्य का नाही?

भाची : तार तुटली तर कळावं म्हणून.

मामा : हां. शून्य आलं की समजायचं, टाकीबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, पान्हा घेऊन निघा. वर त्या चार मिलिअँपवर तिथला ट्रान्समीटर स्वतः जगतो. आता तुझा दिवा. तो उतरत उतरत इतका खाली गेला की ठिपका दिसेनासा झाला. तुझ्या प्रोग्रॅमला काय कळणार? हिनं डोळे मिटले, मान कलली, की उजेडच पुरला नाही? तिन्हीला उत्तर एकच, ठिपका नाही. मग तो म्हणणार डोळे मिटलेत, झोपू दे, आणखी उतरवतो. आणि ती डोळे फाडून बघत बसलीय!

भाची बराच वेळ काही बोलत नाही. हा प्रश्न तिला नवा नसावा. पण दिव्याचा तळ ठरवताना ती आजवर, किती वीज वाचते, एवढंच बघत आली होती. तळ गाठल्यावर यंत्राला स्वतःचं अज्ञान ओळखता येतं का, हे मामानं विचारलं.

भाची : तळ ठेवते. मामीच्या डोळ्यांवर मोजून, ठिपका हमखास दिसेल त्याच्या थोडा वर. तिथून खाली दिवा जाणारच नाही. ठिपका हरवला तर आधी डोळे मिटले असं मानायचं नाही. आधी पूर्ण उजेडाचा एक झोत मारून बघायचं. पापणी दिसली तर मिटलेत. बाहुली दिसली तर चूक आपली.

मामा : आणि चढ-उतार?

भाची : चढताना एका उडीत, उतरताना पायरी पायरीनं. मध्ये थोडी मोकळी जागा ठेवायची, म्हणजे सीमेवर तो वर-खाली करत बसणार नाही.

मामा : हिस्टरिसिस म्हण ना सरळ. आमच्या पंपाच्या स्विचला होतं.

भाची : डोळे खरंच मिटलेले असले तर दर अर्ध्या सेकंदाला एक झोत. उघडले की पुढच्या अर्ध्या सेकंदात सगळे दिवे जागे.

मामा : अर्धा सेकंद? रात्री तिला कफ अडकला आणि मला उठवायचं असलं तर अर्धा सेकंद वाट बघू?

पडद्यावर पुन्हा अक्षरं. या वेळी वेळ लागतो.

मामी : अर्धा सेकंद चालेल. अहो, तुम्हाला जाग यायलाच पाच मिनिटं लागतात.

मामानं ते वाचून चष्मा पुसला. भाचीनं हसू दाबलं नाही.

मामी : माझं अस्वस्थ बघा आधी.

भाचीला क्षणभर कळलं नाही. मग तिनं कीबोर्डकडे पाहिलं. 'अस्वस्थ' लिहायला अ, स, हलन्त, व, स, हलन्त, थ, अशी सात ठिकाणी नजर रोखावी लागते. एका ठिकाणी पाऊण सेकंद धरला आणि नजरेचा प्रवास मिळवला, तर सहज दहा सेकंद. तेवढा वेळ पडदा, चिप, कॅमेरा, दिवे सगळे चालू. पहिल्या दोन अक्षरांवर पूर्ण शब्द पुढे आला असता तर तीन वेळा नजर रोखून काम झालं असतं. इंग्रजीत शब्द सुचवण्याची सोय जुनी आणि तरबेज आहे. मराठीत ती आहे, पण आजारपणात घरात बोलले जाणारे शब्द तिला अजून नीट माहीत नाहीत. मामी दिवसभरात काय काय लिहिते ते या दोघांना तोंडपाठ आहे. उशी, कूस, कफ, मान, पंखा, अस्वस्थ, आणि बातम्या लावा. ही यादी कुठल्याही कंपनीकडे नाही.

मामा : बघ. तुझ्या दिव्यांपेक्षा जास्त बॅटरी इथे वाचते.

भाची : दोन्ही करू. यादी तू कर, शब्द तुला माहीत आहेत. तळ आपण दोघांनी मिळून मोजायचा, आज समई लागल्यावर एकदा आणि उद्या खिडकीचा पडदा उघडा ठेवून चारच्या उन्हात एकदा.

मामा : उद्या तुला ऑफिस आहे.

भाची : घरून काम करते. आणि बॅटरीचा आकडा मामीच्या पडद्यावर दिसला पाहिजे, तुझ्या मोबाइलवर नाही. किती उरलंय ते बघून काय बोलायचं आणि काय राखून ठेवायचं ते तिला ठरवू दे. पडदा मंद करायचा की दिवे, तेही तीच सांगेल.

मामी : पडदा नको. डोळे दुखतात.

मामा : म्हणजे माझे पाच तास गेले.

भाची : गेले. आता ते दोन जादा दिवे. सोल्डरिंग गन कुठे आहे?

मामा : आजच कशाला? तळ मोजून होऊ दे. चष्मा येईपर्यंत राहू देत की.

भाची : ते असताना मोजलेला तळ काय कामाचा? आधी ते उतरतील, मग मोजू.

मामा : आणि ठिपका हलला तर?

भाची : स्टँड वीतभर पुढे घेऊ. तूच म्हणालास.